खालच्या रानातलं मीठ

लग्न होऊन मी सणसरच्या शिवारातल्या वस्तीवर आले, ते नव्वद सालाच्या आसपास. माझं माहेर मेंढरामागं फिरणारं. दिवाळी झाली की आमचा कळप कोकणाच्या वाटेला लागायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर इंदापूरच्या माळावर परत यायचा. सासरचे आमच्यातलेच, पण सासऱ्यांच्या वडलांनी कालव्याखाली जमीन धरली आणि मेंढरं विकून टाकली होती. मला आता रोज बिऱ्हाड हलवावं लागणार नाही, याचा माझ्या आईला फार आनंद झाला होता.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. त्यांची जमीन दोन तुकड्यांत होती. वरचं रान मुरमाड, दोन एकर. खालचं रान ओढ्याच्या अंगाला, चार एकर, काळंभोर. खालच्या रानावर त्यांचा फार जीव. बांधावर पाय ठेवला की ते चप्पल काढून हातात घ्यायचे. त्या रानात त्यांनी तारुण्यापासून ऊसच घेतला होता, दुसरं काही नाही. भवानीनगरच्या कारखान्यावर त्यांच्या उसाच्या गाड्या गेल्या की काट्यावरची माणसं कांडं मोडून बघायची, असं सासूबाई मला कौतुकानं सांगायच्या.

मी आले तेव्हा ते दिवस सरत आले होते. हे मला पहिल्याच उन्हाळ्यात दिसलं. खोडव्यातलं, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांना परत फुटलेल्या उसातलं, गवत काढायला मी खालच्या रानात बसायची आणि उठले की लुगड्याचा काठ पांढरा झालेला असायचा. पीठ सांडावं तसं मातीवर काहीतरी फुललेलं होतं. टाचांच्या भेगांत ते गेलं की आग व्हायची. तिथला ऊस कमरेएवढाच राहिला होता, पेरं आखूड, पानांची टोकं जळालेली.

मामंजी म्हणाले, "पाणी कमी पडतंय."

कालव्याची पाळी आली की ते आधी खालचं रान तुंबवायचे. पाळी नसली की विहिरीची मोटर. माझे मालक, म्हणजे आमचे हे, युरियाची पोती पाठीवर घेऊन सऱ्यांतून फिरायचे. आठ दिवस पानं हिरवी दिसायची, मग पुन्हा पिवळी. ऊस तुटून गेला की मामंजी रानात राहिलेलं वाळलं पाचट पेटवायचे. वाऱ्याचा अंदाज घेऊन ते एका कोपऱ्यात काडी लावायचे आणि घटकाभरात चार एकर काळं व्हायचं. दुसऱ्या दिवशीसुद्धा माती तव्यासारखी तापलेली असायची. माझ्या माहेरी गवताची काडीसुद्धा कुणी जाळत नसे. मी एकदा ह्यांना म्हटलं, हे पाचट सरीतच कुजू दिलं तर? ते म्हणाले, उंदीर होतील, आणि विषय संपला.

दुसऱ्या वर्षी मृगाच्या आधी माझे वडील कळप घेऊन आले. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. लेकीच्या घरी एक मुक्काम करावा आणि लेंडीचं खत पडावं म्हणून रानात मेंढरं बसवून जावं, एवढाच त्यांचा विचार. मेंढरं खालच्या रानात शिरली आणि गवत सोडून जमीन चाटायला लागली. शंभर-दीडशे मेंढरं माना खाली घालून माती चाटतायत, असं मी तोवर पाहिलं नव्हतं. तात्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"पाव्हणं," ते मामंजींना म्हणाले, "ही जमीन तहानलेली न्हाय. ही बुडालीया."

मामंजी हसले. "वर भेगा दिसत्यात न्हवं तुमाला?"

"वर भेगा हायेत, पण हातभर उकरा की. खाली पाणी हाय. त्येच मीठ वर आणतंय. एक साल पाणी तोडा, ऊस मोडा. ओढ्यापतुर चर काढा म्हंजी पाणी निघून जाईल. ढेंचा पेरून हिरवाच गाडा, त्येचं खत हुईल. मी दरसाल मेंढरं बसवून जाईन, काय घेणार न्हाय."

"ऊस मोडू?" मामंजींचा आवाज बदलला. "मेंढक्याचं ऐकून?"

मामंजींचा बापही मेंढकाच होता, हे दोघांनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत तात्यांनी कळप हलवला. निघताना मला एवढंच म्हणाले, "बाय, तू तुझ्या घरच्यास्नी सांगत ऱ्हा. न्हाई ऐकलं तरी सांगत ऱ्हा."

मी सांगत राहिले. भाकरी वाढताना, धारा काढताना, ह्यांच्या मागं लागून राहिले. पुढच्या लागणीला खालच्या रानातल्या दोन एकरांत उसाचे डोळेच फुटले नाहीत. कांडी उकरून पाहिली तर सडलेली. तेव्हा ह्यांनी फडक्यात माती बांधली आणि बारामतीला तपासायला नेली. तिथल्या साहेबानं कागद लिहून दिला आणि तोंडानं सांगितलं की जमीन पाण्यानंच गेली, निचरा काढल्याशिवाय हिचं काही खरं नाही. तात्यांचंच बोलणं, फक्त कागदावर आलेलं. ह्यांनी तो कागद ओसरीवर वाचून दाखवला. मामंजींनी तो हातात घेतला, त्यांना वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ धरून ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

चर काढायचा तर आमच्या रानात आणि ओढ्यात एक पट्टा आडवा होता. तो मामंजींच्या चुलतभावाचा. मामंजी स्वतः त्यांच्याकडं गेले. मी त्यांच्या घरी ताक न्यायच्या निमित्तानं मागोमाग गेले होते, म्हणून ते बोलणं मी ऐकलं.

"आण्णा, तुझ्या बांधाच्या कडंनं चर काढतो. तळाला दगड भरून बुजवून देतो, वरून तुला नांगरता येईल."

"तुझं खारं पानी माझ्या रानातनं?" चुलत सासरे म्हणाले. "न्हाय जमायचं."

"तुझ्या रानात उतरणार न्हाय, ओढ्यात जाईल."

"माझा ऊस बघ अन् तुझा बघ. मला तुझा रोग नगं."

मामंजी उठले आणि घरी आले. मग त्यांनी दुसरी वाट काढली. आमच्याच बांधानं लांबून वळसा घ्यायचा आणि सरकारी वाटेच्या कडेनं ओढ्याला जायचं. लांबी दुप्पट झाली आणि उतार मिळायला खोलीही वाढली, पुरुषभर. त्या उन्हाळ्यात कालवा बंद होता. मामंजी आणि हे दोघं कुदळ-फावडं घेऊन खणायला लागले. मी आणि सासूबाई पाट्या उचलायचो. वरची माती वाळून कडक, खाली गेलं की लोण्यासारखी, आणि तळाला पाणी झिरपायचं. त्या पाण्याला वास यायचा. मामंजी सकाळी सगळ्यांच्या आधी चरात उतरायचे. इतकी वर्षं स्वतःच पाणी भरून घेतलं आणि आता स्वतःच ते बाहेर काढतोय, असं ते एकदा म्हणाले, पण कुणाकडं बघून म्हणाले नाहीत.

एका सकाळी मी पाटी ओतून वळले तर चराचा काठ जागेवर नव्हता. काळ्या मातीला भेग पडते तिथून खाटेएवढा तुकडा सुटून खाली गेला होता. आवाज फारसा झाला नाही. मामंजी छातीपर्यंत मातीत होते, डोळे उघडे. हे वर फावडं टाकून खाली उडी मारणार होते, मी त्यांचा हात धरला, कारण दुसरा काठही हलत होता. शेजारच्या फडातली माणसं धावत आली. चुलत सासरे सगळ्यांच्या पुढं होते. त्यांनी हातांनी माती उपसली, नखं तुटेपर्यंत. तासाभरानं मामंजींना वर काढलं. ते शुद्धीवर होते, पण कमरेखाली पाय हलवता येत नव्हते.

बारामतीच्या दवाखान्यातून महिन्यानं त्यांना घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता खाटेवरच. त्यांना ओसरीत ठेवलं, तिथून खालचं रान दिसत नव्हतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी मी त्यांचं अंथरूण बदलत होते. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुझ्या बापानं सांगितलं आन् माझा माणूस मोडला."

मी धुणं उचललं आणि बाहेर आले. त्या परत कधी तसं बोलल्या नाहीत. पण बोललेलं मागंही घेतलं नाही. आणि मला ते खोटं वाटत नव्हतं. चर काढा, चर काढा, हे मीच धरून बसले होते.

ह्यांनी त्या रानात पाय ठेवायचा सोडला. बारामतीच्या एमआयडीसीत दूध डेअरीत ते कामाला लागले. मोटरसायकल घेऊन सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे, अंगाला दुधाच्या पावडरीचा वास. वरच्या रानात थोडा ऊस होता, तेवढं मी बघायची. अर्धा खणलेला चर तसाच पडून होता, त्यात डास झाले होते.

त्याच साली तात्यांनी मेंढरं विकली. माळावर जिकडं-तिकडं ऊस झाला होता, चराईला रान उरलं नव्हतं, आणि औषध मारलेली वाढी, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, खाऊन एका दिवसात वीसेक मेंढरं गेली होती. ते माझ्या भावाला घेऊन वस्तीवर आले. मामंजींच्या खाटेशेजारी खाली बसले.

मग मामंजी म्हणाले, "पाव्हणं, चर तेवढा पुरा करा."

तात्या आणि माझा भाऊ दीड महिना राबले. या वेळी त्यांनी चर रुंद धरला, काठ उतरते ठेवले. मी पाट्या उचलल्या. एक दिवस सासूबाई फडकं डोक्याला गुंडाळून आल्या आणि माझ्या पुढं पाटी धरली. तात्यांनी ती भरून दिली.

त्या वर्षी हस्त फार पडला. एवढा पाऊस एकदम पडायची तेव्हा सवय नव्हती. तीन दिवसांत सगळं रान तळं झालं, पण चर वाहिला. गढूळ, तपकिरी पाणी ओढ्याला लागलं. मी भिजलेली ओसरीत आले.

"वाहतोय?" मामंजींनी विचारलं.

"व्हय. भरून वाहतोय."

त्यांनी डोळे मिटले. पुढच्या दोन सालांत मात्र पावसानं पाठ फिरवली. जो यायचा तो वेळेला यायचा नाही, आणि आला की झोडपून जायचा. मीठ धुवून जायला संथ, गोडं पाणी लागतं, ते मिळालं नाही. मी खालच्या रानातला वरच्या अंगाचा एकच एकर धरला. दरसाल ढेंचा पेरायचा आणि कंबरेला आला की गाडायचा, असं ठरवलं. वरच्या रानातलं पाचट न पेटवता डोक्यावरून आणून तिथं पसरलं. लोक हसायचे. पहिल्या वर्षी काहीच उगवलं नाही. दुसऱ्या वर्षी ढेंचा बऱ्यापैकी आला. तिसऱ्या वर्षी ओंजळभर माती उचलली तर तिच्यात एक गांडूळ होतं, दोऱ्याएवढं. मी ते खाटेवर नेऊन दाखवलं. मामंजींनी तळहातावर घेतलं आणि लगेच म्हणाले, "परत नेऊन सोड त्येला."

बाकीचे तीन एकर तसेच राहिले. त्यांच्यात वेड्या बाभळी उठल्या.

त्याच सुमाराला चुलत सासरे एका संध्याकाळी आमच्या दारात आले. आत आले नाहीत. त्यांच्या पट्ट्यालाही मीठ फुटलं होतं. हे नुकतेच कामावरून येऊन हातपाय धूत होते.

"माझं पानी तुमच्या चरात सोडू द्या," ते म्हणाले.

हे म्हणाले, "तुमचा रोग आमाला नगं, आण्णा."

चुलत सासरे आल्या वाटेनं गेले. मी आत भाकरी थापत होते. मातीत हात घालून त्यांनी मामंजींना काढलं होतं, ते मला आठवत होतं. पाणी एका बांधाला थांबत नाही, हेही मला ह्या घरात सगळ्यांपेक्षा चांगलं कळत होतं. मी उठून बोलू शकले असते. मी भाकरी उलटली.

मामंजींनी ओसरीतून सगळं ऐकलं होतं. ते रात्री ह्यांना म्हणाले, "पाण्याला चुलतभाऊ कळत न्हाय, लेका. जाऊ दे त्येचं पानी." हे उठून आत गेले. मामंजी त्याच पावसाळ्यात गेले. त्यांचे दिवस झाल्यावरही तो विषय कुणी काढला नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात चुलत सासऱ्यांनी ऊस मोडला.

शतक संपत आलं तेव्हा एक वीटभट्टीवाला माती बघत फिरत होता. आमचे तीन एकर त्यानं पायानं उकरून पाहिले. ह्यांना वाटलं, निदान मातीला तरी गिऱ्हाईक मिळेल. तो म्हणाला, ह्या मातीची वीट भिंतीत बसवली तरी मिठानं पोपडे धरते, आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

धरलेल्या एकरात त्या हिवाळ्यात मी ज्वारी केली. कणसं बारीक होती, जागोजाग टक्कल पडलेलं. काढणीला मी आणि सासूबाई दोघीच होतो. दुपारी बांधावर बसून आम्ही भाकरी खाल्ली. त्यांनी विळ्याची धार बोटानं बघितली आणि विचारलं, "पुढल्या साली हितं काय पेरायचं?"

मी म्हटलं, "परत ढेंचा."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि राहिलेल्या ओळीला जाऊन बसल्या.