चादर ओळखणारी बोटं

उभ्या सोलापुरात कापडाशी इतकं उघड भांडण काढणारा माणूस आमच्या शेजाऱ्यांखेरीज दुसरा झाला नसेल. चादरीच्या कारखान्यात तयार माल तपासण्यात त्यांची हयात गेली, आणि ती नोकरी ते घरी येतानाही उतरवून ठेवत नसत. लग्नात आहेराचा टॉवेल हातात पडला की वधूवरांकडे न बघता त्याची उलटी बाजू बघत. मयताला गेले तर प्रेतावरच्या चादरीचा काठ चिमटीत धरून माझ्या कानात म्हणत, "भायेरचा माल हाय, अण्णा. जाताना तरी बिचाऱ्याला आपली द्यायची की." घरात तेलुगू, बाहेर असली मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम.

आमच्या चौकातल्या चहाच्या हॉटेलापुढं दोन बाकडी होती. ज्यांची मुलं परदेशी नोकरीला, ते एका बाकड्यावर. ज्यांचे माग बंद पडले, ते दुसऱ्यावर. पहिल्यांना जागतिकीकरण म्हणजे देवाचा प्रसाद वाटे, दुसऱ्यांना साथीचा रोग. चहा मात्र दोघांना एकाच किटलीतला, आणि पायांतल्या चपलाही एकाच परदेशी साच्यातल्या. माझा मुलगा कॅनडात, म्हणून मी पहिल्या बाकड्यावर. एकदा मी "जग आता आपल्या दारात आलंय" असं बरंच काही बोललो, तर समोरच्या बाकड्यावरून आमचे शेजारी शांतपणे म्हणाले, "आलंय ते दिसलं की. चप्पल काढून आलंय का, तेवढं बघा." त्या दिवशी माझ्या बाजूची माणसंही हसली. ते मला लागलं.

म्हणून मी त्यांच्याशी पैज लावली: त्यांनी डोळे मिटून नुसत्या बोटांनी सोलापुरी चादर ओळखायची. एक इथली आणि एक बाहेरची, अशा दोन चादरी मीच आणल्या. गावात आजवर कुणाला सांगितलं नाही ते आता लिहितो. आदल्या दुपारी बायकोच्या सुईनं मी दोन्हींची लेबलं उसवली आणि अदलाबदल करून पुन्हा शिवली. शेजाऱ्यांनी डोळे मिटले, दोन्हींवरून अंगठा फिरवला आणि क्षणात इथलीच चादर उचलली. हॉटेलवाल्यानं तिच्यावरचं बाहेरगावचं लेबल वाचून दाखवलं, आणि दोन्ही बाकडी हसली. तिथं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं. जन्मभर लेबलावर विश्वास न ठेवलेल्या माणसानं त्या दिवशी ठेवला, कारण चादरी मी आणल्या होत्या. "मग बोटं गेली म्हणायची," एवढंच बोलले. आठवड्यानं त्यांनी नोकरी सोडली. मालक थांबा म्हणत होता. "वाईट माल माज्या हातनं पास झाला तर गावाचं नाव जाईल," हे त्यांचं उत्तर.

उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत मी राहिलो. पुढं ते लेकीकडं हैदराबादला गेले. गेल्या महिन्यात मी फोन करून सगळं सांगितलं.

"म्हंजे बोटं बरोबर होती," ते म्हणाले. "आता साखरेनं बधिर झाल्यात, अण्णा. काय बी कळत न्हाय. पण तवा बरोबर होती, हे लई बरं झालं."

मी म्हटलं, हे सगळं लिहून छापायला देतो, तुमच्या नावानिशी.

"लिवा की. पण माजं नाव नको. नाव आलं की बाकड्यावरली मंडळी तुमाला सोडायची न्हाईत. मी तर हितं आलो. तुमाला अजून त्यांच्यातच ऱ्हायचंय."