खडीवरचे चार फोटो

मला पुरावा पाहिजे होता. आमची पत्रकं निजामाच्या मुलखात छापता येत नव्हती. सरहद्द ओलांडून वऱ्हाडात छापायची आणि लपवून आणायची. तिथल्या छापखानेवाल्यानं मला तोंडावर सांगितलं होतं, "तुमच्या लिखाणात आग लई, पण माणूस दिसत नाही. फोटो आणा." मला राग आला. पण त्याचं खोटं नव्हतं.

बदनापूर स्टेशनापासून दोन कोसांवर एक गाव आहे. साहेबाचा दौरा येणार म्हणून तिथल्या रस्त्यासाठी बिगार लावली होती. गडीमाणसं छावणीचं सामान वाहायला धरून नेलेली, म्हणून खडी बायका फोडत होत्या. दिवसभर उन्हात, फुकट. अंगावर चिंध्या. त्या चिंध्यांचा फोटो पत्रकावर आला की वर बसलेल्यांची बोलती बंद, असं मी धरून चाललो होतो.

मस्तगडाला एक फोटोवाले चाचा होते. घरी उर्दू बोलायचे, दुकानात मराठी, आणि चिडले की दोन्ही. बिगारीचं ऐकून ते तयार झाले, पण वाटेतच मला दम भरला, "मियाँ, फोटो मैं निकालतूं. हुकूम नक्को करो."

गावात पोचलो तर खडीच्या ढिगाशी चौघी बसलेल्या. त्यांतली म्हातारी सगळ्यांची पुढारी. फोटोचं नाव काढताच तिनं हातोडा खाली ठेवला.

"ह्या अवतारात? फोटू का रोज रोज निघतो व्हय?"

"आजी, जसं आहे तसंच पाहिजे."

"तुला पाहिजे, बाबा. आमाला न्हाई."

चौघी उठल्या आणि शेजारच्या खोपटात शिरल्या. चाचांनी तिकाटणं रोवलं, वर पेटी बसवली, काळं फडकं टाकलं. पोलीसपाटील येतो की काय, म्हणून मी लांब लिंबाखाली वाटेवर नजर ठेवून उभा राहिलो. चौघींना एकत्र बसायचं नव्हतं. प्रत्येकीला आपला एकटीचा फोटो पाहिजे होता. एक बाहेर यायची, ढिगापाशी बसायची, फोटो झाला की आत जायची. मग कितीतरी वेळ कुणीच नाही. मग दुसरी.

"चाचा, जल्दी करा," मी तिथूनच ओरडलो.

"बराबर होरा सब. तुम रस्ता देखो."

मागं वळून बघावं तर दर वेळी हिरवंगार नऊवारी लुगडं. माझं डोकं फिरलं. म्हणजे ह्यांच्या गाठोड्यात चांगली लुगडी आहेत आणि माझ्या पुराव्याची माती करून राह्यल्या! चौथा फोटो झाल्यावर मी गेलो आणि बोललो, "एवढी लुगडी घरात आहेत, तर बिगारीचं रडगाणं कशाला?"

तोवर चौघी पुन्हा चिंध्यांत येऊन खडीवर बसल्या होत्या. म्हातारीनं हातोडा उचलला.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या दुकानात चारही फोटो दोरीवर वाळत होते. मी एकेक बघत होतो. पहिल्या बाईच्या पदराच्या कोपऱ्याला एक तिकोनी चीर होती, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली. दुसरीच्या पदराला तीच. तिसरीच्या. म्हातारीच्याही.

"चाचा, हे लुगडं एकच आहे."

"कल से वोइच है."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही उसपे भाषण लिहिलं असतं."

भाषण मनात सुरू झालंच होतं. मथळासुद्धा सुचला होता. चार बाया, एक लुगडं! असा पुरावा अख्ख्या मराठवाड्यात कुणापाशी नव्हता. मी फोटोंना हात घातला, तर चाचांनी माझं मनगट धरलं. "पहले पूछके आओ."

मी गेलो. फोटो बघून चौघी खडीवरच हसत सुटल्या.

"ही बघ, सरकारीणबाईवानी बसली."

"अन् तू? डोळे मिटले की गं. झोपली व्हतीस का?"

मी म्हातारीला मथळा सांगितला आणि कालच्या बोलण्याची माफीही मागितली. ती हसायची थांबली.

"तुला आज कळलं व्हय? ते लुगडं माझ्या नातीचं हाय. माहेरपणाला आल्ती, तिचं लगनातलं. आमी नेसून फोटू काढू तवर पोरगी आत फाटकं गुंडाळून बसल्ती. उद्या सासरी जाती. तिच्या सासूनं तुझा कागुद बघितला, तर म्हनंल, माझ्या सुनंचं लुगडं गावभर नेसत्यात. मंग पोरीला कोन नांदवंल? तू?"

"सासूला वाचता येतं का?"

"सासऱ्याला येतं. अन् चितर बघायला वाचाया लागतं का, बाबा?"

पत्रकात मला उत्तरं फार सुचतात. चेहरे कापून छापू, असं एक म्हणून बघितलं. म्हातारी म्हणाली, "तोंडं कापशील, पदर कसा कापशील? चीर तिच्या सासूनंच शिवल्याली हाय."

फोटो त्यांना देऊन मी परत आलो. पत्रक नुसत्या शब्दांचं निघालं. लुगड्याचा उल्लेख त्यात नव्हता. छापखानेवाला म्हणाला, पुन्हा तेच केलंत. सभेत एक वकील उठून म्हणाले, "बिगारीला पुरावा काय?" मी दात आवळून खाली बसलो. त्या दिवसासारखा राग मला नंतर जेलातही आला नाही. माझ्याजवळ पुरावा होता, आणि तो चार घरांतल्या देवळ्यांत ठेवलेला होता.

म्हातारी आता नाही. बिगारही गेली. परवा परतूरच्या बाजारात तिची नात भेटली, कडेवर लेकरू. तिनंच मला ओळखलं. आजीचा फोटो तिच्याकडे आहे म्हणाली. मी भीत भीत विचारलं, ते सगळं आता लिहिलं तर चालेल का?

तिनं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. "लिव्हा. सासू गेली माझी. पन गावाचं नाव नका घालू."

"का?"

"ननंद हाय ना अजून."