सव्वीस जानेवारीची खरेदी

तो रविवार माझ्या मनातून अजून जात नाही. मी तेव्हा शिरूर पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. दुपारी कुरकुंभहून एसटीने आलेली एक बाई ठाणे अंमलदारासमोर उभी राहिली. हातात मोबाइल, आवाज ताब्यात.

"साहेब, ह्ये सकाळी गाडीवर शिरूरला आले. तवापासनं फोन बंद हाय."

नवरा कुरकुंभच्या औषध कारखान्यात ऑपरेटर होता. शेअर बाजार शिकायचा, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. शिरूरमध्ये एका हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आणि दुपारी नवशिक्यांसाठी मोफत क्लास चाले. शिकवणाऱ्याला सगळे 'सर' म्हणत. सरांनी एक अ‍ॅप दिलं आणि त्यावर बायकोच्या नावाने खातं उघडायला लावलं. अ‍ॅपवर नफा वाढत होता. काढायला गेलं की मात्र 'आधी कर भरा' असं उत्तर यायचं.

"शिफ्टमधल्या तिघांला ह्येंनीच त्यात घातलं. काल जेवले न्हाईत. सरांना जाब इचारतो म्हनले."

"एकटेच गेले?"

"व्हय. कुनाला सांगू नगं म्हनले. लाज वाटत व्हती."

बेपत्ता म्हणून नोंद घेतली. फोनचं शेवटचं लोकेशन शिरूर एसटी स्थानकाजवळ होतं. पुढे काहीच नाही. एक पथक त्याची मोटारसायकल शोधायला पाठवलं आणि मी साध्या कपड्यांत क्लासच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसलो.

सर तिशीतला, नीटनेटका, गोड बोलणारा. डीमॅट खातं कशाला लागतं, सगळे पैसे एकाच कंपनीत का घालू नयेत, हे तो उत्तम समजावत होता. शनिवार, रविवार आणि राष्ट्रीय सुट्टीला बाजार बंद, हेही त्याने फळ्यावर लिहिलं. लोक मान डोलावत होते. मला त्यात एकही खोटं वाक्य सापडेना, आणि त्यामुळेच माझी धास्ती वाढली.

क्लास सुटल्यावर त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

"तो माणूस आज आलाच नाही," तो शांतपणे म्हणाला. "बाजारात जोखीम असतेच, साहेब. नवीन लोक घाबरतात."

घाई दाखवली की समोरचा सावध होतो. मी चहा मागवला. बाहेर ऊन उतरत होतं. पथकाला मोटारसायकल हॉलच्या मागे सापडली, एवढाच निरोप आला. माणसाचा पत्ता नव्हता.

मी बाईंच्या मोबाइलवर ते अ‍ॅप उघडून मागचे व्यवहार बघू लागलो. एका तारखेवर बोट थांबलं. सव्वीस जानेवारी, सकाळची खरेदी. त्या सकाळी मी तहसील कचेरीसमोर झेंड्याला सलामी देत होतो.

मोबाइल त्याच्यापुढे सरकवला. "सर, सव्वीस जानेवारीला बाजार चालू होता?"

त्याने स्क्रीनवरची तारीख पाहिली आणि मोबाइल माझ्याकडे परत सरकवला.

"मघाशी फळ्यावर तुम्हीच लिहिलंत. शेवटच्या रांगेत मी होतो."

दारात उभ्या असलेल्या बाई आत आल्या. "पैशाचं ऱ्हाऊ द्या. माझा मानूस कुठं हाय, तेवढं सांगा."

त्याने मान खाली घातली. "न्हावऱ्याच्या शिवारात. बंद पोल्ट्री शेड आहे." सकाळी हॉलबाहेर आरडाओरडा झाला, नव्या लोकांच्या कानावर जाऊ नये म्हणून दोन साथीदारांनी त्याला गाडीत घातलं होतं.

दोन्ही बाजूंना ऊस, मधून अरुंद रस्ता. शेडला बाहेरून कुलूप. हाका मारल्या, आतून उत्तर नाही. बाईंना जीपमध्येच थांबवून कुलूप तोडलं. तो भिंतीला टेकून होता, हात बांधलेले, तोंडात फडकं. फडकं काढताच म्हणाला, "साहेब, त्या तिघांचं पैसं परत मिळत्याल का?"

तेवढ्यात बाई धावत आल्या. मारायला उगारावा तसा हात वर गेला, आणि मग त्याच हाताने त्यांनी पदर घेऊन त्याचं तोंड पुसलं.

अपहरण आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. साथीदार पाटसजवळ सापडले. बँक खाती गोठवली आणि काही रक्कम पुढे कोर्टातून परत मिळाली.

दुसऱ्या दिवशी जबाबासाठी ते तीन सहकारी आले होते, तेव्हा बाईंचा नवरा कोपऱ्यात खाली बघत बसला होता. त्यातला थोरला त्याच्या शेजारी टेकला. "येड्या, काल बोलला असतास तर चौघं गेलो असतो की!"

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत असा फसलेला तक्रारदार समोर आला की किती पैसे गेले, हे मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, "घरी कुणाला सांगितलंय का?"