घुमटातलं घड्याळ

माझ्याकडे सगळ्याच्या याद्या असतात – सामानाची, औषधांची, कुणाच्या लग्नात काय दिलं त्याची. ही एक गोष्ट मात्र मी कुठे लिहून ठेवली नाही आणि आजवर कुणाला सांगितलेलीही नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, आणि तेही सरळ जमेल असं वाटत नाही.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. मी एका वेधशाळेत प्रोग्रॅमर होते. दुर्बीण दूर डोंगरावर, संगणकाचं ऑफिस मुंबईत, आणि घर मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कमध्ये. दोन इमारती सोडून शिर्के राहायचे. ते आमचे निरीक्षक. पावसाळा सोडून निरीक्षणाच्या मोसमात डोंगरावर राहून दुर्बीण चालवायचे आणि प्रत्येक नोंदीपुढे दुर्बिणीच्या घुमटातल्या घड्याळाची वेळ रजिस्टरात लिहायचे. मूळचे रत्नागिरीकडचे, कामाला चोख. सात वर्षं कंत्राटावर होते, हे घडलं त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर कायम होणार होते. हे मला माहीत होतं. आधीच सांगून ठेवते, नंतर सांगायचा धीर होणार नाही.

खगोलशास्त्रात वेळ ग्रिनिचची लागते. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे, एवढंच. ते काम करणारा जुना प्रोग्रॅम गचाळ होता, म्हणून त्या मोसमाआधी मी तो नव्याने लिहिला होता. मला गचाळपणा खपत नाही.

जून संपता संपता आमच्या प्रमुखांच्या, सरांच्या, लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. एक तारा दुसऱ्याच्या आड कधी जाणार हे आधीच ठाऊक असतं. आमच्या नोंदींत तो दर वेळी बारा मिनिटं उशिरा जात होता. तारा कशाला उशीर करेल? मग चुकलं कोण?

सरांनी बैठक घेतली. शिर्के म्हणाले, घड्याळ ते रोज संध्याकाळी रेडिओच्या ठोक्यांवर लावायचे, एक दिवस चुकवलेला नाही. पण घुमट पावसाळ्यासाठी बंद झाला होता, घड्याळातले सेल काढून ठेवले होते. पडताळणार कसं? प्रोग्रॅम तपासायचं काम माझ्याकडे आलं.

बैठकीनंतर शिर्के माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, एकदा बघाच. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. माझीच चूक निघाली तर मी लिहून देतो."

मी बघितलं. जेवणाची सुट्टी होती, सगळे कँटीनमध्ये. किती वेळ लागला असेल? दोन मिनिटं. साडेपाच तास म्हणजे ५.५. मी लिहिलं होतं ५.३० – आपण घड्याळाची वेळ लिहितो तसं. संगणकाच्या लेखी .३० म्हणजे तासाचे तीन दशांश, म्हणून ते पाच तास अठरा मिनिटं झाले. बारा मिनिटं तिथे होती. माझ्या ओळीत.

मी ती ओळ दुरुस्त केली. प्रोग्रॅममधला प्रत्येक बदल मी तारीख घालून वहीत लिहायचे. हा लिहिला नाही. मग सरांच्या खोलीत गेले. शिर्केही तिथेच उभे होते. मी म्हणाले, "प्रोग्रॅममध्ये काही नाही सर. घड्याळ पुढे असणार. जुन्या वेळांतून बारा मिनिटं कमी करू."

शिर्के माझ्याकडे बघत राहिले – संशयाने नाही. संशयाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यांनी कागद मागितला आणि म्हटल्याप्रमाणे चूक आपली असं लिहून दिलं.

का केलं मी असं? माझी नोकरी पक्की होती. फार तर आठवडाभर लोक हसले असते – साडेपाच लिहिता येत नाही म्हणून. तेवढंही मला नको होतं. ते हसणं शिर्क्यांच्या वाट्याला गेलं. "शिर्के, जेवण आलंय, तुम्ही बारा मिनिटांनी या." तेही हसायचे. मीही हसले, एकदा नाही, बऱ्याचदा.

ते कायम झाले नाहीत. पुढचं कंत्राटही मिळालं नाही. घुमटात नवं घड्याळ आलं आणि नव्या मोसमात वेळा अचूक निघाल्या – निघणारच होत्या. दोष जुन्या घड्याळाचाच होता, असं सगळ्यांना पटलं. सरांच्या शोधनिबंधात दुरुस्ती सुचवल्याबद्दल माझे आभार छापून आले.

शिर्के घरी गणिताच्या शिकवण्या घेऊ लागले. त्यांच्या बायकोने मला रस्त्यात सांगितलं होतं की हल्ली ते कुलूप लावून तीनदा परत येतात, गॅस बंद केला का म्हणून बघायला. मुलांचे पेपर तपासून झाले की तिला पुन्हा तपासायला लावतात.

वर्षभराने एका सकाळी ते मला स्टेशनजवळ भेटले. भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करत होते, मला बघून थांबले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मॅडम, मी अजून विचार करतो. ठोके ऐकून घड्याळ लावल्याचं मला स्पष्ट आठवतं. पण तुम्ही तपासलंत म्हणजे... माझ्याच डोक्यात काहीतरी गडबड असेल ना?"

आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. मला घाई नव्हती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "होतं असं शिर्के. वय झालं की होतं."

ते एकेचाळीस वर्षांचे होते.