चुलीखालची खाडी

लग्न होऊन बेलपाड्याच्या पलीकडे खाडीकाठच्या पाड्यात आली, त्या वर्षापासून भामाला चुलीखालून पाण्याचा आवाज यायचा. भरतीला चढायचा, ओहोटीला उतरायचा. नवरा काशीराम मिठागरावर कामाला. त्यानं कितीदा जमिनीला कान लावला, पण त्याला काही ऐकू येईना. विठू भगतानं अंगारा दिला, कोंबडं घेतलं. आवाज थांबला नाही. पुढं भामानं तो कुणाला सांगायचंच सोडलं. पण भरती कधी लागली ते ती घरात बसून ओळखायची, आणि बायका तिच्यापासून जरा लांब बसू लागल्या.

सत्तावन्न सालच्या भाद्रपदात काशीरामनं पनवेलच्या बाजारातून गूळ आणला. तो गुंडाळला होता जुन्या सरकारी पुस्तकाच्या पानांत. खारजमिनींची कसलीशी पाहणी होती. भामा चौथी शिकलेली. कागद चुलीत घालण्याआधी ती वाचायची. वाचता वाचता तिचा हात थांबला. त्यांच्याच पाड्याचं नाव होतं. इथे पूर्वी खाडीचा फाटा होता, तो बुजवून वर वस्ती बसवली, असं कुणा साहेबानं सत्तर वर्षांपूर्वी लिहिलं होतं. खाली एक ओळ: 'बुजविलेला फाटा आतून वाहता आहे. मोठ्या उधाणास जमीन खचण्याचा संभव.'

तिनं ते काशीरामला वाचून दाखवलं.

"इतक्या वर्सांत काय झालं नाय," तो म्हणाला.

"आवाज वाढलाय. पुनवेच्या आत आपुन देवळाच्या टेकाडावर जाऊ."

सकाळी हंडे डोक्यावर घेऊन तोच पुढे निघाला.

पुनवेला भरदुपारी, वारा नाही, पाऊस नाही, खाडीचा बांधही शाबूत, आणि त्यांच्या रिकाम्या घराची चूल खाली गेली. मागोमाग भिंत. खड्ड्यात काळं, खारं पाणी वर आलं आणि त्यात मासे फिरू लागले. माणसं लांबूनच बघत राहिली.

टेकाडावर आवाज नव्हता. तरी भरतीच्या वेळी भामाचा हात आपसूक जमिनीवर जायचा.

महिन्याभरानं शेजारची रंभा टेकाड चढून आली. पूर्वी सगळ्यांत लांब बसायची ती हीच.

"भामाबाय, जरा घरी चल," ती हळू म्हणाली. "मला आयकू येतंय."

भामानं रंभाच्या चुलीपाशी वाकून कान लावला. खूप वेळ ती तशीच राहिली. मग उठली आणि फडताळावरची भांडी बाहेर काढायला लागली.