मॅडमच्या गाडीला न लागलेला झेंडा

तुर्की वकिलातीतल्या आमच्या मॅडम मी चालवायचो त्या गाडीत कधी मागे बसल्या नाहीत. “मागे बसलं की लोक मला कुठल्यातरी साहेबाची बायको समजतात,” म्हणायच्या. लंडनमधल्या शेवटच्या संध्याकाळीही सगळ्यांचा निरोप घेऊन आल्या, पुढे बसल्या, बूट काढले आणि माझ्या थर्मासमधला दुधाचा चहा प्यायल्या. “पवार, हा चहा नाही, खीर आहे,” हे नेहमीचं बोलणंही झालं. मग एकदम विचारलं, “माझ्या आजारपणाचं कोण बोललं असेल?”

मी म्हणालो, “काय माहीत.”

माहीत होतं. मीच बोललो होतो. गेल्या महिन्यात मॅडम वारल्या. आता लपवून काय करू?

त्यांची सुरुवात व्हिसाच्या खिडकीवर झाली. पुढे देशोदेशी बदल्या, एकट्या बाईच्या. मोठ्या जेवणांत त्यांना अधिकाऱ्यांच्या बायकांत बसवायचे. त्या हसायच्या. “बसवू देत. नवरे लपवतात ते बायका सांगतात.” माझं शिक्षण सातवी, पण गाडीत मला सगळं समजावून सांगायच्या. तीस वर्षांनी राजदूत व्हायची पाळी आली होती. राजदूताच्या गाडीला देशाचा झेंडा लागतो. “लागला की पहिला फोटो तुम्हाला,” म्हणाल्या होत्या.

माझी बायको कॅन्सरनं गेली तेव्हा मॅडम लंडनच्या टोकाला, पिनरला माझ्या घरी आल्या, जमिनीवर बसल्या. पुढं त्यांनाही तेच निघालं. त्यांनी ऑफिसात कुणाला सांगितलं नाही, मला सांगितलं. “तुम्हाला त्या हॉस्पिटलचा रस्ता पाठ आहे.”

पार्टी आत चालते तेव्हा आम्ही ड्रायव्हर बाहेर गाड्यांपाशी उभे असतो. तिथं ज्याचा साहेब मोठा तो ड्रायव्हर मोठा. एकदा एकानं मला डिवचलं, “काय काका, तुमच्या बाईंना झेंडा कधी? की रिटायरच होणार?”

माझं डोकं फिरलं. “अरे, महिन्यात तीनदा हॉस्पिटलात सुया टोचून घेतात, तिथून सरळ कामावर येतात. तुझ्या साहेबाला नुसती सर्दी झाली तर आठवडा घरी बसतो!”

मला वाटलं, जिंकलो. त्या ड्रायव्हरनं साहेबाला सांगितलं, साहेबानं आणखी कुणाला, असं फिरत ते आमच्या ऑफिसात पोचलं. दोन महिन्यांत राजदूत म्हणून दुसऱ्याच माणसाचं नाव आलं. मॅडमना पत्र आलं, तब्येत सांभाळा, घरी परत या.

त्या शेवटच्या संध्याकाळी त्यांना घराच्या दारात सोडलं. “उद्या सातला,” म्हणाल्या. एअरपोर्टवर मलाच न्यायचं होतं.

सकाळी सहाला मी ऑफिसला खोटाच फोन केला, ताप आलाय, दुसरा ड्रायव्हर पाठवा. साडेसातला मॅडमचाच फोन. गाडीतून बोलत होत्या. “पवार, किती आहे ताप? घरात कुणी आहे का बघायला?”

मी म्हणालो, “एकशे एक.”