सीमेपलीकडं ठेवलेली लेक

मी माझ्या एकुलत्या एक लेकीला तिसरीतून उचललं आणि सीमेपलीकडं महाराष्ट्रात, कागलकडच्या माझ्या माहेरी, भावाच्या घरी शिकायला ठेवलं. का, तर आमच्या गावची मराठी शाळा पुढच्या वर्षी बंद होणार, असं मला कळलं होतं. कुणाकडून? निपाणीच्या बाजारात माझ्या शेजारी बसून मिरच्या निवडणाऱ्या एका बाईकडून. तिचं गावसुद्धा मी विचारलं नव्हतं. ती शाळा अजून चालू आहे.

एवढी शहाणी होते मी. सरकारवर विश्वास नाही, मास्तरांवर नाही, नवऱ्यावर तर नाहीच नाही. मिरच्या निवडणाऱ्या अनोळखी बाईवर मात्र पुरता.

त्या काळात मला सगळ्यातच काळंबेरं दिसायचं. शाळेच्या भिंतीवर वर कानडी आणि खाली मराठी नाव रंगवलं, तेव्हा पाण्याला जाताना मी रोज मान वळवून बघायची, मराठी ओळ आणखी खाली घसरली की काय. डोक्यावरची घागर एकदा त्यापायीच फुटली. शेजारच्या जैन आक्का घरात कानडी बोलायच्या आणि दारात मराठी. त्या हसून म्हणाल्या, "अगं, माझ्या तोंडात दोन्ही हाईत. अजून जीभ झडली न्हाय माझी. पोरीला कशाला धाडतीस?" मला वाटलं, ह्या कानडीवाल्यांच्याच बाजूच्या. चहा अर्धा टाकून मी उठले.

लेक जाताना रडली नाही. "आई, रविवारी येशील न्हवं?" एवढंच म्हणाली. सुरुवातीला गेलेही. मग तंबाखूच्या वखारीत रविवारचं काम निघायला लागलं, आणि मीच स्वतःला समजावलं, की पोर रमली असेल.

बारावीला तिनं चांगले मार्क पाडले. नर्सिंगला जाते म्हणाली. इकडच्या ऑफिसात सांगितलं, शिक्षण तिकडं झालंय, इथल्या जागेवर हक्क लागत नाही. तिकडच्या ऑफिसात सांगितलं, आईबाप आणि रेशनकार्ड कर्नाटकातलं, इथं कसं बसणार? मी दोन्हीकडं भांडले. इकडच्या साहेबाला कळणार नाहीत म्हणून मराठीत निवडक शिव्या दिल्या. तो शांतपणे मराठीतच म्हणाला, "मावशी, बसा, पाणी प्या." मला त्या पाण्याचाही संशय आला. मी प्यायले नाही. जागा काही मिळाली नाही.

लेक निपाणीत साड्यांच्या दुकानात लागली. घड्या मोडता मोडता कानडी शिकली. आता चिक्कोडीकडची लग्नाची कानडी गिऱ्हाइकं तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडं बसत नाहीत. जावई ट्रकवर असतो, म्हणून ती आणि नात माझ्याकडंच राहतात. यंदा जूनमध्ये नात पहिलीला जायची होती, आणि माझा संशय पुन्हा तरतरीत झाला.

गावच्या मराठी शाळेत सगळ्या वर्गांना मिळून एक गुरुजी, आणि त्यांनाही निम्मा वेळ मीटिंग. शाळा बंद करणार का विचारलं तर म्हणतात, "बंद न्हाय आज्जी, विलीनीकरण." मला सरळ बंद म्हणणारा माणूस परवडतो. नवीन इंग्रजी शाळेची एक बाई घरोघर फिरत आमच्याकडं आली आणि माझा चहा फार छान झालाय म्हणाली. उभ्या जन्मात माझ्या चहाला कुणी छान म्हटलेलं नाही. मी तेव्हाच ओळखलं, ही काहीतरी विकायला आली आहे.

आणि मराठीसाठी माईकवर घसा फोडणारे आमचे पुढारी? एकाला मी मुद्दाम गाठून विचारलं, "अण्णा, तुमचा नातू कुठल्या शाळेत म्हणायचा?" तो घड्याळाकडं बघत म्हणाला, "त्येला त्याच्या आईनं घातलाय तिकडं इंग्लिशला." म्हणजे मराठी जगवायची ती दुसऱ्यांच्या नातवंडांनी. इथल्या कितीतरी पोरी पहाटे कंपनीच्या बसनं कागलच्या कारखान्यांत कामाला जातात. तिथं कुणी विचारत नाही, शाळा कुठल्या राज्यात झाली. हात चालतात ना, मग या. शिक्षणाची जागा मागायला गेलं की मात्र सीमा आडवी येते.

अशात भाच्याचा फोन आला. "आत्या, नातीला धाड की इकडं. शाळा दारात हाय, सगळं मराठीतनं. आमी काय परके हाय व्हय?" खरं सांगते, मी लगेच विरघळले. एकदा पोळलेली असून पुन्हा त्याच तव्याला हात लावायला निघाले. लेक तांदूळ निवडत होती. मी आडून आडून विषय काढला. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "उद्या सुट्टी काढलीय मी. निपाणीच्या शाळंत तिचं नाव घालायचंय." इंग्रजी आणि कानडी शिकवणारी शाळा होती, तिच्या दुकानाच्या मागच्याच गल्लीतली. दुपारी जेवायला पोर आईजवळ येणार होती.

मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी बरोबर गेले. शाळेचा संडास बघितला, नळ सोडून बघितला, एका बाईंना त्या कुठल्या गावच्या ते विचारलं. एकही खोट सापडेना, त्यामुळं संशय आणखीच वाढला. नातीचं नाव घालून लेक बाहेर आली, तेव्हा शेवटी मी तिला व्हरांड्यातच धरलं. म्हटलं, "सगळं झालं बाई झकास. पर हितं मराठीचा तास न्हाय. पोरीला मराठी शिकवणार कोण?"

नात पायऱ्यांवर उड्या मारत होती. लेकीनं तिला हाताला धरून जवळ घेतलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"तू शिकव की. संध्याकाळची घरातच असतीस न्हवं? मला तिकडं मामी रोज अभ्यासाला घेऊन बसायची, ती काय तुझ्यापेक्षा जास्त शिकलेली न्हवती."